पहिली चिलापी: पुण्याच्या आसपास गळाने मासे धरायला शिकताना

गळाचा नाद लागलेला नवा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो रॉडचा. कुठला घेऊ, किती फुटी घेऊ, किती पैसे घालू. मीही तेच विचारत होतो. भोरजवळ भाटघरच्या पाणलोटावर एकदा नवाकोरा रॉड घेऊन बसलो होतो आणि दोन तास काही हाती लागलं नव्हतं. वीस पावलांवर एक भोई बाबा वेळूची काठी आणि सहा हात तंगूस (नायलॉनची दोरी) एवढ्यावर चिलाप्यांमागून चिलाप्या काढत होते. न राहवून त्यांच्या काठीकडे बघायला गेलो, तर म्हणाले, "काठीकडं काय बघतुयास? पान्याकडं बघ की."

पुढची दोन वर्षं मी तेवढंच शिकलो. म्हणून इथे आधी मासा, मग जागा, मग पाणी आणि त्यानंतर सामान. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि हौस चार रविवारांत विरते.

कोणत्या माशापासून सुरुवात करायची

चिलापीपासून. रोहू-कटल्याचे फोटो बघून आलेल्यांना हे पटत नाही, पण पहिला हंगाम चिलापीलाच द्या. ती उथळ पाण्यात, काठापासून दहा-पंधरा फुटांवर असते, दिवसभर खाते आणि नवख्याच्या चुका पोटात घालते. शिवाय हा मासा आपला नव्हे. मूळचा आफ्रिकेतला, भारतात १९५२ मध्ये आणला गेला. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं मोठ्या संख्येने जगतात आणि देशी माशांची जागा व्यापतात. चार चिलाप्या घरी नेल्याने नदीचं काही बिघडत नाही.

रोहू, कटला, मृगळ हे दुसऱ्या हंगामाचे. धरणांत त्यांचं बीज मुद्दाम सोडलेलं असतं, म्हणजे त्या माशात कुणाची तरी गुंतवणूक असते. तोंड बघून त्यांची खाण्याची पातळी ओळखता येते. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो. मृगळाचं तोंड खाली, तो तळाशी. रोहूचे ओठ झालरीसारखे, तो मधल्या थरात. सायप्रिनस (कॉमन कार्प) गाळ उकरत फिरतो, त्यामुळे पाण्यावर बारीक बुडबुड्यांची रांग दिसली की खाली तो असण्याची शक्यता धरा.

मरळ आणि वाम यांची गोष्ट वेगळी, तिथे धीर लागतो. मरळ हवेतूनही श्वास घेतो, म्हणून पाणवनस्पतींच्या कडेला अधूनमधून वर येऊन "बुडुक" करतो. तो आवाज एकदा कानात बसला की विसरत नाही. पण पावसाळ्यात लालसर पिल्लांचा पुंजका आणि त्याखाली मोठा मरळ दिसला तर गळ गुंडाळून पुढे चालू लागा. ती जोडी पिल्लांची राखण करत असते. आईबाप गेले की अख्खा पुंजका इतर माशांच्या पोटात जातो.

आणि महसीर. आपल्या दख्खनच्या महसीराला शास्त्रीय नाव मिळालं १८३९ मध्ये. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने तो पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाल्याची नोंद केली. त्याने इथल्या बऱ्याच माशांना इथल्याच लोकांच्या तोंडची नावं दिली. खुद्री, कोळस, नुकटा ही नावं आजही जगभरच्या मत्स्यशास्त्रात तशीच चालतात. ज्या नदीतून तो मासा जगाला कळला तिथे आज पुलावरून बघितलं तर काय दिसतं, ते पुणेकरांना सांगायला नको. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीराचं बीज तयार करून जलाशयांत सोडलं जातंय, म्हणून तो काही ठिकाणी टिकून आहे. तुमच्या गळाला महसीर लागला तर तो परत पाण्यात जाईल. यावर माझ्याकडे दुसरा पर्याय नाही.

जागा आणि परवानगी

धरण सरकारी आहे, म्हणून कुणीही जाऊन गळ टाकावा, असा बहुतेकांचा समज असतो. बहुतेक जलाशयांतली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागामार्फत ठेक्याने दिलेली असते, बऱ्याचदा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेला. म्हणून पहिली फेरी गळाशिवाय करा. काठच्या गावात चहाच्या टपरीवर विचारा, "इथला ठेका कुणाकडे आहे?" दहा मिनिटांत माणूस सापडतो. गळाने हौसेपुरते मासे धरायचे आहेत, किती देऊ, कुठे बसू, असं सरळ विचारायचं. कुठे थोडे पैसे घेतात, कुठे नुसतं "बसा" म्हणतात, कुठे नाही म्हणतात. नाही म्हटलं तर नाही. त्यांचं घर त्या पाण्यावर चालतं, आपला रविवार चालतो.

या एका भेटीत आणखी बरंच मिळतं. जाळी कुठे लावली आहेत, गाळ कुठे खोल आहे, कुठल्या ओढ्याच्या तोंडाशी मासा आहे. पाण्यावर रांगेत तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे दिसले तर खाली जाळं आहे. त्याच्यावरून गळ कधी फेकू नका. अडकला तर दोरी आपण कापायची, जाळं नाही.

पवना, कासारसाई, भाटघर, पानशेत, वरसगाव, चासकमान, डिंभे आणि सोलापूर रस्त्याला भिगवणच्या बाजूने उजनी, ही शहरातून जाऊन येण्यासारखी पाणी. प्रत्येक ठिकाणी धरणाची भिंत, सांडवा आणि दरवाजांचा परिसर सोडूनच बसायचं. खडकवासला जवळ पडतो, पण नवख्याला मी तो सुचवत नाही. ते शहराच्या पिण्याचं पाणी, एका काठाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची हद्द, आणि दुसऱ्या काठाला रविवारी कणसं-भज्यांची गर्दी. तिथे शांतपणे शिकता येत नाही.

काही डोह मुळातच राखलेले असतात. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे लोक श्रद्धेने जपत आले आहेत. घाट उतरून महाडच्या बाजूला वाळणकोंडीत देवीच्या नावाने महसीर राखले आहेत. अशा ठिकाणी चुरमुरे टाकून मासे बघायचे. मासा खातो कसा, वळतो कसा, घाबरतो कशाने, हे अर्ध्या तासात डोळ्यांनी शिकता येतं.

शहरातल्या मुळा-मुठेत धरलेला मासा खाऊ नका. संगमाच्या खाली तर अजिबात नाही.

पेपरातला टीएमसी

पुण्यात रोजच्या पेपरात धरणसाठ्याचा चौकोन येतो. बाकीचे तो पाणीकपातीच्या काळजीने वाचतात, आपण माशांसाठी वाचायचा. खडकवासल्याची क्षमता १.९७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), पानशेतची १०.६५, वरसगावची १२.८२, टेमघरची ३.७१. वरच्या धरणांतलं पाणी खडकवासल्यात आणि तिथून शहराला आणि कालव्याला जातं. म्हणजे पानशेतचा आकडा सलग घसरत असेल तर तिथली पाण्याची कड रोज मागे सरकते आहे. कड मागे सरकत असताना मासा काठाला बिचकतो आणि उताराच्या पहिल्या खोल पायरीवर थांबतो. आकडा आठवडाभर जवळपास स्थिर असेल तर तो पुन्हा काठाला येतो. माझे चांगले दिवस बहुतेक असे स्थिर आठवड्यांत आले आहेत.

जागेवर पोचल्यावर लगेच गळ टाकू नका. पंधरा मिनिटं बसा. ओढा येऊन मिळतो ते तोंड, बुडालेला बांध, जुनी भिंत, बाभळीचं खोड, गवताची कड, गढूळ आणि नितळ पाण्याची सीमा, मासा अशा कडेला असतो, मोकळ्या मैदानात नसतो. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की एक फेरी नुसते फोटो काढायला करा. उजनीत पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं तसे सगळ्याच धरणांत जुने बांध, विहिरी, रस्ते उघडे पडतात. तोच नकाशा दिवाळीनंतर पाण्याखाली असतो, आणि तुमच्याकडे त्याचा फोटो असतो.

वारा बघा. उन्हाळ्यात दुपारनंतर आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो आणि पाण्यावरचे किडे, शेवाळ, काडीकचरा पूर्वेच्या काठाला लोटतो. त्यामागे चिलापी येते. म्हणजे संध्याकाळी तोंडावर वारा आणि डोळ्यांवर ऊन घेऊन बसावं लागतं. त्रासाचं आहे, पण मासा त्याच काठाला असतो.

वेळेचं गणित ऋतूप्रमाणे बदलतं. उन्हाळ्यात उजाडल्यापासून नऊपर्यंत. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार असतं, मासा सुस्त असतो, तेव्हा पहाटे कुडकुडत बसण्यात अर्थ नाही. अकरा ते तीन बरं. दसऱ्यानंतर पाणी निवळतं तिथून नोव्हेंबर संपेपर्यंतचा काळ मला सगळ्यात आवडतो. पावसाळ्यात मी गळ बाहेर काढत नाही. चढणीचे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर निघालेले असतात. गावाकडे ते धरून खायची जुनी रीत आहे, पण हौसेच्या माणसाने त्या वाटेवर बसू नये असं मला मनापासून वाटतं.

सामान

पहिल्या महिन्यासाठी दहा-बारा फुटी वेळूची काठी, तेवढीच तंगूस, शिशाचा छोटा तुकडा, तरंगा आणि आठ नंबरचा गळ पुरतो. तरंग्याला थर्माकोल, बाटलीचं बूच किंवा ज्वारीच्या वाळक्या ताटातला भेंड, काहीही चालतं. रीळ नसल्याने दोरी गुंतत नाही आणि सगळं लक्ष तरंग्यावर राहतं. गळाचे नंबर उलटे चालतात हे लक्षात ठेवा: आठ नंबरचा गळ चार नंबरपेक्षा लहान. एकच्या पुढे एक-शून्य, दोन-शून्य असे मोठे होत जातात. चिलापीला आठ-दहा, रोहूला चार-सहा.

पुढे रॉड घ्यायचा तर सात-आठ फुटी, मध्यम ताकदीचा, ३००० किंवा ४००० आकाराचं स्पिनिंग रीळ आणि ०.३० मि.मी. तंगूस. यापेक्षा जाड दोरीने नवख्याचा फेक लांब जात नाही. सोबत लांब नाकाची पक्कड, नखकटर, ओलं फडकं, बारीक जाळीचा हातझेला, डोक्यावर टोपी आणि पाणी. पाण्याच्या चकाकीतून आत बघायला पोलरॉइड गॉगल मिळाला तर फार उपयोगी पडतो.

गाठ एकच शिका, पण घरी पन्नास वेळा बांधा. दोरी गळाच्या डोळ्यातून घ्या, टोक मूळ दोरीभोवती पाच-सहा वेढे गुंडाळा, ते टोक डोळ्यालगतच्या फटीतून आणि मग तयार झालेल्या मोठ्या फासातून काढा, थुंकीने ओलं करा आणि सावकाश ओढा. ओलं न करता ओढलं तर घर्षणाच्या उष्णतेने तंगूस कमजोर होते आणि नेमकी मोठ्या माशावर तुटते. माझा पहिला मोठा सायप्रिनस असाच गेला, ओठात गळ घेऊन. ते अजून टोचतं.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ओढ बसली की रीळ दोरी सोडेल तो ताण, घरीच लावा. दोरीवर सहा किलो लिहिलं असेल तर पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली दोरीला बांधून हळू उचला. बाटली उचलली जाताना रीळ जेमतेम सुटायला लागलं पाहिजे. सुटत नसेल तर ढिला करा.

चारा

चिलापीला गांडूळ. शेणखताच्या ढिगाखाली मिळतं, अर्धं तोडून लावा, टोक वळवळतं राहू द्या. गांडूळ नको असेल तर कणकेचा गोळा.

रोहू-सायप्रिनससाठी माझं प्रमाण असं: दोन वाट्या कणीक, एक वाटी शेंगदाण्याच्या पेंडीचा चुरा, अर्धी वाटी भाजलेलं बेसन, गुळाचं पाणी, चमचाभर भरडलेली बडीशेप. पुरणाच्या कणकेपेक्षा घट्ट, भाकरीच्या पिठापेक्षा चिवट मळायचं. मळताना चिमूटभर कापूस पिंजून घाला. त्याच्या धाग्यांमुळे गोळा गळावर धरून राहतो, नाहीतर पाण्यात दोन मिनिटांत विरघळतो. हाताला डास पळवायचं मलम, साबण किंवा तंबाखूचा वास असेल तर आधी काठच्या मातीने हात चोळून धुवा.

बसल्यावर पेंड आणि भाताचा कोंडा ओला करून लिंबाएवढे चार गोळे एकाच जागी टाका. एकाच जागी, हे महत्त्वाचं. नंतर अर्ध्या तासाने एखादा. ढीगभर टाकला तर मासा पोटभर खातो आणि गळाकडे बघत नाही. मरळासाठी जिवंत बेडूक वापरू नका, रबरी बेडूक मिळतो आणि तो चांगला चालतो.

टाकणं, थांबणं, ओढणं

आधी खोली मोजा. तरंगा दोरीवर अंदाजाने अडकवा, गळाला जरा जड शिसं लावून टाका. तरंगा बुडाला तर पाणी त्याहून खोल आहे, वर सरकवा. आडवा पडला तर खाली सरकवा. टोक जेमतेम पाण्यावर राहिलं की चारा तळाला टेकतो आहे. चिलापीसाठी तिथून वीतभर उचला.

रिळाने फेकताना तर्जनीत दोरी धरा, रिळाची तार उघडा, मागे बघा (माणूस, म्हैस, विजेची तार), मग रॉड खांद्यावरून पुढे आणा आणि तो डोक्याच्या थोडा पुढे आला की बोट सोडा. लवकर सोडलं तर आकाशात, उशिरा सोडलं तर पायाशी. घराजवळच्या मैदानावर गळ न लावता नुसतं शिसं बांधून दोन संध्याकाळी सराव करा.

तरंग्याची भाषा सावकाश कळते. थरथर, थरथर आणि मग सरळ आडवा सरकला तर चिलापी. जरासा वर उचलला गेला आणि आडवा पडला तर तळाशी कुणीतरी चारा उचलला आहे, बहुधा सायप्रिनस. सावकाश तिरका होत खाली गेला तर रोहू. नुसती थरथर, जागा न बदलता आणि काढल्यावर गळ रिकामा, तर खेकडे. जागा बदला. नवखा माणूस पहिल्या थरथरीलाच हिसका देतो. तरंगा चालू लागेपर्यंत थांबा, मग मनगटाने छोटा झटका, खांद्याने नाही.

मोठा मासा पळतो तेव्हा पळू द्या. रॉड उभा, रीळ स्थिर. तो थांबला की रॉड वर घ्या, मग खाली आणताना दोरी गुंडाळा. दोरी कधी सैल पडू देऊ नका. काठाजवळ माणूस बघून तो शेवटची धाव घेतो आणि निम्मे मासे तिथेच सुटतात. झेला आधी पाण्यात बुडवून ठेवा आणि मासा त्याच्यावर आणा. झेल्याने माशाला गाठायला जाऊ नका.

मासा हातात आल्यावर

ठेवायचा की सोडायचा हे गळ काढण्याआधीच ठरवा. सोडायचा असेल तर हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि नंतर तिथे रोग धरतो. कल्ल्यात बोटं घालू नका, ओठाला धरून उभा लटकवू नका, पोटाखाली हात देऊन आडवा धरा. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून ठेवला असेल तर गळ एका झटक्यात निघतो. गळ खोल गिळला असेल तर ओढत बसू नका, दोरी तोंडाशी कापा. मग माशाला पाण्यात सरळ धरा आणि तो आपणहून शेपटी मारून निघेपर्यंत सोडू नका.

ठेवायचा असेल तर तडफडत ठेवू नका. डोळ्यांच्या मागे डोक्यावर जड काठीचा एक नेमका घाव आणि लगेच बर्फात. माशाचे हाल होत नाहीत आणि मांसही घट्ट राहतं. घरी जेवढं शिजेल तेवढंच न्या.

चिलापीला आणि रोहूला कधी कधी चिखलाचा वास येतो. मीठ-हळद चोळून, ताकात किंवा चिंचेच्या कोळात अर्धा तास ठेवला की आंबटाने तो बराच जातो. मग कांदा-लसूण मसाला, तांदळाची पिठी आणि लोखंडी तवा. रोहूच्या पाठीकडे बारीक दुहेरी काटे असतात, तिथे सुरीने एकमेकांलगत आडवे चर द्या, तळताना ते कुरकुरीत होतात. लहान मुलांना मात्र पोटाकडचाच तुकडा वाढा.

जिवाची काळजी

धरणाचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि खाली गुडघाभर असतो. पुण्याच्या धरणांत दरवर्षी माणसं बुडतात, त्यात पोहता येणारेही असतात. एकट्याने जाऊ नका, पाण्यात उतरून गळ सोडवू नका, पाच रुपयांच्या गळासाठी तर नाहीच. नदीच्या पात्रात बसला असाल आणि धरणातून पाणी सोडण्याचा भोंगा ऐकू आला किंवा पाणी अचानक गढूळ झालं, तर सामान टाकून वर या.

मे महिन्यात वळवाचं आभाळ दाटलं की रॉड खाली ठेवा आणि पाण्यापासून लांब जा. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. काठावर दिसणारा साप बहुतेक वेळा पाणदिवड असतो, विषारी नसतो. पण कोरड्या गवतात घोणसही असते, म्हणून पायात बूट हवेत आणि हात घालण्याआधी काठी हवी. गळ बोटात उलट्या काट्यापलीकडे रुतला तर उपसू नका, दोरी कापून दवाखान्यात जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

सुरुंग लावणं आणि पाण्यात विष टाकणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. असं कुणी करताना दिसलं तर तिथे वाद घालत बसू नका, संस्थेच्या माणसाला आणि पोलिसांना कळवा.

परत येताना

तुटलेल्या तंगुसाचा एकेक तुकडा खिशात घालून आणा. भिगवणला हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) येतात, चित्रबलाक तर तिथे नेहमीचेच, आणि गवतात पडलेली तंगूस त्यांच्या पायाला गुंडाळली की काढायला कुणी नसतं. घरी आणून कात्रीने बोटभर तुकडे करा आणि मग कचऱ्यात टाका.

रीळ गोड्या पाण्याने पुसा, गळ वाळवा, आणि झोपण्याआधी वहीत लिहा: तारीख, धरण, त्या दिवशीचा साठा, वारा कुठून, पाणी कसं, चारा कुठला, किती वाजता पहिला घास आला. काही मिळालं नाही तरी लिहा. माझ्या वहीत पहिल्या तीन पानांवर एकही मासा नाही. चौथ्या पानावर भाटघर, पूर्वेचा काठ, सकाळी ७ वाजून १० मिनिटं, गांडूळ, आणि एक चिलापी, तळहाताएवढी.